अट्ठेचाळीस फरश्या

माझ्या वडिलांना गल्लीत कोणी नावाने हाक मारत नाही. ते ‘काटेवाले’. दुकानांतले वजनकाटे तपासायचे, बिघडले असतील तर दुरुस्त करायचे आणि बरोबर असतील तर चिठ्ठी द्यायची, हे काम ते अडतीस वर्षं करत आलेत. त्यांच्या लाकडी पेटीत पितळी वजनं आहेत, एक ग्रॅमपासून दोन किलोपर्यंत, प्रत्येकाला मखमलीचा वेगळा खळगा. त्या वजनांना उघडं बोट लावायचं नाही. लहानपणी एकदा मी पन्नास ग्रॅमचं वजन उचलून गालाला लावलं होतं, थंडगार लागतं म्हणून. बाबा रागावले नाहीत. अर्धा तास ते वजन पुसत बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

काटा तपासायची त्यांची पद्धत ठरलेली. आधी रिकामा काटा बघायचा. मग वजन थोडं थोडं चढवत न्यायचं, मग तसंच उतरवत आणायचं. मग तेच वजन चारही कोपऱ्यांत ठेवून बघायचं. आणि प्रत्येक गोष्ट तीनदा. तीन खेपा झाल्याशिवाय ते तोंडातून शब्द काढत नाहीत. दुकानदार चुळबुळ करतो, गिऱ्हाइकं खोळंबतात, बाबा कागदावर आकडे लिहीत राहतात. शेवटी मान वर करून म्हणतात, “चाळीस ग्रॅम खोटं बोलतोय.” दुकानदाराचा चेहरा पडला की पुढे म्हणतात, “तुम्हाला नाही म्हटलं. काट्याला म्हटलं.”

घरात या सवयीचा जाच होता. भिंतीवरच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नाही, दूधवाल्याच्या मापावर नाही. थर्मामीटर आमच्याकडे दोन. “मला ताप आला ना,” आई म्हणायची, “की हे आधी थर्मामीटरची तब्येत बघतात.”

अशा माणसाच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली.

सर्जन बाई शांत होत्या. कागदावर आतड्याचं चित्र काढून त्यांनी समजावलं की एवढा तुकडा कापायचा, दोन टोकं जोडायची, मग घरी जायला पाच दिवस. “पण काका, ऑपरेशन मी करणार, पुढचं काम तुमचं. दुसऱ्या दिवसापासून उठायचं, चालायचं. पडून राहिलात तर आतडं पण पडून राहतं. फुप्फुसात कफ साठतो, पायात रक्त गोठू शकतं. चालणारा पेशंट लवकर सुटतो.”

“किती चालायचं?” बाबांनी विचारलं.

“जमेल तितकं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, “जमेल तितकं, हे काय माप झालं?”

माप वॉर्डात मिळालं. तिथल्या फिजिओने, म्हणजे पेशंटकडून व्यायाम करून घेणाऱ्या तरुण मुलाने, पलंगाच्या पायथ्याशी एक तक्ता अडकवला. पहिला दिवस दोनशे पावलं, दुसरा चारशे, तिसरा सहाशे, पाचव्या दिवशी हजार. समोर रिकामे चौकोन. पेशंट चालला की नातेवाइकाने तिथे आकडा भरायचा. बाबा तक्त्यावर एकदम खूश झाले. ऑपरेशनला जाताना स्ट्रेचरवरून आईला सांगून गेले, “पेन्सिलने नको भरूस. पेनाने भर.”

ऑपरेशन सोमवारी झालं. मंगळवारी सकाळी त्यांना उठवून बसवलं तेव्हा मी तिथेच होते. माझ्या वडिलांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. पोटावर उशी घट्ट दाबून धरायची, मग खोकायचं, मग पाय खाली सोडायचे. सिस्टर म्हणाल्या, “उशी सोडायची नाही काका, टाक्यांना आधार हवा.” तर उजव्या हाताने उशी, डाव्या हाताने सलाइनचा स्टँड, आणि एक फरशी, मग दुसरी फरशी. स्टँडचं एक चाक कुरकुरायचं. दारापर्यंत जाऊन यायला अकरा मिनिटं लागली. परत येऊन पलंगावर टेकले तेव्हा कपाळावर घाम होता आणि पहिलं वाक्य होतं, “बावन्न. लिही.”

आईने बावन्न लिहिलं.

शेजारच्या पलंगावर बसचे ड्रायव्हर होते, त्यांचंही तेच ऑपरेशन, एक दिवस आधी झालेलं. दांडगा माणूस, आवाजही दांडगा. आतडं पुन्हा कामाला लागलं की आधी वारा सरतो आणि तोपर्यंत धड जेवायला मिळत नाही, म्हणून वॉर्डात सगळे त्या एका गोष्टीची वाट बघत असतात. ड्रायव्हरकाकांनी तिला ‘हॉर्न’ नाव ठेवलं होतं. सकाळी डोळे उघडले की पलीकडून प्रश्न यायचा, “काय काटेवाले, हॉर्न वाजला का?”

“अजून नाही.”

“चालत राहा. गाडी गिअरमध्ये टाकल्याशिवाय वाजणार कसा?”

“हॉर्नचा गिअरशी संबंध नसतो,” बाबा म्हणायचे. ड्रायव्हरकाका पोट धरून हसायचे आणि मग दुखलं म्हणून शिव्या घालायचे.

चूक इथून पुढची आहे आणि ती माझी आहे.

मी यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत काम करते. आईने हाताने आकडे भरायचे, तेही बाबांनी सांगितलेले, हे मला अगदी अडाणीपणाचं वाटलं. मंगळवारी संध्याकाळी मी मनगटावर बांधायचा, पावलं मोजून छोट्या पडद्यावर आकडा दाखवणारा पट्टा विकत घेऊन आले. उजव्या हाताच्या शिरेत सुई होती, म्हणून डाव्या मनगटावर बांधला. माझ्या फोनला जोडला. फिजिओला मोठ्या उत्साहाने दाखवला. “आता तुम्हाला खरा डेटा मिळेल,” मी म्हणाले. तोही माझ्याच वयाचा. त्याने आईच्या आकड्यांवर आडवी रेघ मारून वर लिहिलं, ‘यापुढे पट्ट्यावरून.’

बाबांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. “तपासलाय का?”

“बाबा, नवीन आहे. डबा तुमच्यासमोरच फोडला ना?”

“नवीनच तपासायचा असतो.”

“बरं, बरं,” मी म्हणाले.

बुधवारी मी ऑफिसात होते. दर तासाला फोन उघडून बघत होते. अकरा वाजता चार पावलं. साडेबाराला नऊ. मी आईला फोन लावला. “आई, ते उठलेच नाहीत का?”

“अगं, दोनदा जाऊन आले कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीपर्यंत.”

“नऊ पावलं दाखवतंय.”

“मग ते काय ते तू बघ बाई. मी डोळ्यांनी पाहिलं.”

“तुझा डोळा लागला असेल.”

आईने फोन ठेवून दिला. तीनला मी पुन्हा पाहिलं, एकवीस. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं मोठं ऑपरेशन, एवढी धावपळ, रजा, रात्रीची जागरणं, आणि हा माणूस स्वतःचं एक साधं काम करायला तयार नाही. पाच वाजता वॉर्डात पोचले ती तोंड फुगवूनच.

“बाबा, आज किती चाललात?”

“चारशे बत्तीस.” ते थकलेले दिसत होते, पण आवाजात जरा ऐट होती.

मी फोन त्यांच्यासमोर धरला. “त्रेचाळीस.”

त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला. “चूक आहे.”

“चूक कशी असेल?”

“मी मोजलीत. फरशीला एक पाऊल. दारापासून खिडकीपर्यंत अट्ठेचाळीस फरश्या. जाऊन येऊन शहाण्णव. साडेचार फेऱ्या. गुणाकार कर.”

“बाबा, प्लीज. दुखतं, मला कळतं. नाही जमत तर नाही जमत म्हणा. पण खोटं कशाला सांगायचं? मशीन खोटं बोलत नाही.”

हे मी कोणाला म्हणाले, ते म्हणताना माझ्या लक्षातही आलं नाही. बाबांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. दुकानदाराकडे बघतात तसे, तिसरी खेप व्हायच्या आधी. मग चष्मा काढून मिटला आणि खिडकीकडे तोंड केलं.

“अहो ताई,” ड्रायव्हरकाका म्हणाले, “चाललेत ते. चाकाची कुरकुर ऐकून माझं डोकं उठलंय दिवसभर.”

“काका, तुम्ही मित्र आहात, तुम्ही त्यांचीच बाजू घेणार,” मी हसून म्हटलं. हसले, हेही आठवतंय.

तक्त्यात मी त्रेचाळीस लिहिलं. पेनाने.

गुरुवारी सकाळी फिजिओने तक्ता पाहिला आणि लाल शाईने फाइलमध्ये एक ओळ लिहिली, ‘रुग्ण चालत नाही. सहकार्य करत नाही.’ सर्जन बाई राउंडला आल्या, त्यांनी ती वाचली. “काका, असं कसं चालेल? तुम्ही चाललाच नाहीत तर शनिवारी घरी कसं सोडू?” मागे चार शिकाऊ डॉक्टर उभे होते. आईने मला हे सगळं फोनवर सांगितलं, कुजबुजत, बाथरूममधून. म्हणाली, “यांनी ऐकून घेतलं. बाई गेल्यावर सिस्टरकडून फाइल मागून घेतली. ती ओळ वाचली. दोनदा. आणि मला म्हणाले, अडतीस वर्षांत मला कोणी असं लिहून दिलं नव्हतं.”

“आई, मग चालायचं ना!”

“तू ठेव फोन,” आई म्हणाली.

दुपारी पावणेचारला वॉर्डातून फोन आला. बाबा कॉरिडॉरमध्ये कोसळले होते.

टॅक्सीत मला दुसरं काही सुचत नव्हतं. टाके उसवले असतील, आतलं जोडलेलं सुटलं असेल, पुन्हा ऑपरेशन. पोचले तेव्हा ते पलंगावर होते, पांढरेफटक, पुन्हा सलाइन लावलेलं. सर्जन बाई पोट तपासून गेल्या होत्या. टाके शाबूत होते. चक्कर आली, रक्तदाब उतरला, भिंतीला धरून खाली बसले म्हणून डोकं वाचलं. सलाइन दुपारी काढलं होतं, पण आधाराला घेतलेला स्टँडही जवळ नव्हता. तो खिडकीपाशी उभा होता आणि बाबा त्याच्यापासून वीस फरश्यांवर सापडले होते.

“कोणी सांगितलं होतं आधाराशिवाय चालायला?” मोठ्या सिस्टर आईवर खेकसत होत्या. “काल चालायचं नाही, आज धावायचं! लहान आहेत का?”

आई चहा आणायला खाली गेली होती तेवढ्यात हे झालं होतं. ती रडवेली होऊन स्वतःलाच बोल लावत होती. मी बाबांना बोल लावत होते. बाबा डोळे मिटून पडले होते आणि उजव्या मुठीत काहीतरी घट्ट धरलं होतं. मला वाटलं, रुमाल असेल.

शनिवार हुकला. एक पूर्ण दिवस पलंगावरून उठायचं नाही, असा हुकूम झाला. शुक्रवारी ड्रायव्हरकाका घरी गेले. जाताना बाबांच्या पलंगाशी आले, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, “काटेवाले, पुढच्या स्टॉपला भेटू.” बाबांनी मान हलवली. वॉर्ड एकदम सुना झाला.

त्या दिवशी मी रजा टाकून दिवसभर तिथेच बसले होते. उकडत होतं. वरचा पंखा फिरत होता तो केवळ उपचारापुरता.  बाबा वर्तमानपत्राची घडी करून डाव्या हाताने वारा घेत होते, कारण उजव्या हातात पुन्हा सुई खुपसली होती. मी सवयीने फोन उघडला.

तीनशे चाळीस पावलं.

मी बाबांकडे पाहिलं. सकाळपासून त्यांनी पाय जमिनीला लावला नव्हता. मी फोनकडे पाहिलं. बाबा वारा घेत होते. आकडा तीनशे सेहेचाळीस झाला.

 हा पट्टा पाय मोजतच नाही. हाताचा हेलकावा मोजतो आणि त्यावरून पावलांचा अंदाज बांधतो. हे मला माहीत होतं. माझ्या कामातच अशा गोष्टी येतात. आणि मी तो अशा माणसाच्या मनगटावर बांधला होता, ज्याचा तो हात दिवसभर सलाइनच्या स्टँडला घट्ट धरलेला होता.

“बाबा,” मी म्हणाले.

त्यांनी वारा घेणं थांबवलं.

“बाबा, पट्टा चुकीचा आहे.”

त्यांनी उशीखाली हात घातला आणि चष्म्याचं घर काढून माझ्यासमोर टाकलं. आत चष्म्याखाली एक चुरगळलेली चिठ्ठी होती. औषधाच्या कागदाची मागची बाजू. काल मुठीत होती ती हीच. त्यांच्या त्या बारीक, सरळ अक्षरात, दुकानदाराला देतात अगदी तशी.

‘रिकामा (खुर्चीत बसून, पाच मिनिटं) — ०.
स्टँड डाव्या हातात. पावलं ९६, काटा ४. पावलं ९६, काटा ०. पावलं ९६, काटा ७.
स्टँड उजव्या हातात, डावा मोकळा. पावलं ९६, काटा ७१. पावलं ९६, काटा ६८. पावलं ९६, काटा ७४. (दुसऱ्या खेपेला हॉर्न. ३ वाजून ५.)
आधाराशिवाय, दोन्ही हात मोकळे. पावलं ९६, काटा ८८. पावलं ९६, काटा ९०. तिसरी खेप’

तिसऱ्या खेपेपुढे पेनाची एक रेघ खाली घसरत गेली होती.

मी मनात बेरीज केली. आठ पूर्ण खेपा म्हणजे साडेसातशेच्या वर पावलं, आणि नववी अर्धवट. फाटक्या पोटाने, एका दुपारी, तेही सकाळचं चालणं वेगळं. एवढं चालायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तक्त्यातला आकडा गाठायलाही ते चालले नव्हते. ते पट्टा तपासत होते. दोन खेपांनंतर थांबले असते तर पडले नसते. पण दोन खेपांवर बाबा कधी कुठल्या काट्याला खोटा म्हणालेत?

“कालच का नाही दाखवलंत मला?” मला रडूही येत होतं आणि संतापही. “सगळे तुम्हाला बोलत होते, मी बोलत होते!”

“तिसरी खेप राहिली होती.”

“बाबा! अहो, मेला असतात!”

“मेलो नाही,” ते म्हणाले. “आणि हॉर्न वाजला. ते कोणी लिहून घेतलं का? चोवीस तास झाले.”

मी उठून सिस्टरना सांगायला गेले. वारा सरल्याची बातमी इतक्या तावातावाने त्या वॉर्डात कोणी दिली नसेल.

शनिवारी पट्टा मी त्यांच्या घोट्यावर बांधला, मोज्याच्या आत. स्टँड धरून, उशी दाबून आम्ही खिडकीपर्यंत जाऊन आलो. मी शेजारून चालत मोजत होते, ते मनात मोजत होते. शहाण्णव. पट्टा म्हणाला चौऱ्याण्णव.

“आता बरोबर ना?” मी विचारलं.

“दोन कमी.”

“बाबा!”

“मी तक्रार केली का? दोन कमी, एवढंच सांगितलं.”

त्यांना आता पट्ट्यात काही रस उरला नव्हता. त्यांना ती लाल ओळ हवी होती, म्हणजे ती फाइलमधून जायला हवी होती. तसं ते एकदाच बोलले. “ती काढून घे,” म्हणाले. मी म्हटलं, “काढते.” मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

फिजिओला चिठ्ठी दाखवली. तो बिचारा ओशाळला. “सॉरी ताई, पण पट्टा तुम्हीच आणला होता.” खरं होतं. “आणि फाइलमध्ये लिहिलेलं खोडता येत नाही. नियम आहे. मी पुढे लिहितो, आता चालत आहेत.”

“आता नाही. आधीपासून चालत होते.”

“ते मी कसं लिहू? मी पाहिलं नाही ना.”

“चालत नाहीत असं लिहिलंत तेव्हा पाहिलं होतंत?”

त्याने मोठ्या सिस्टरकडे बोट दाखवलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांना विचारा. शिकाऊ डॉक्टर म्हणाला, मॅडमना विचारा. मॅडम ऑपरेशनमध्ये. संध्याकाळी मॅडम भेटल्या, घाईत होत्या, चांगल्या बोलल्या. “अहो, ती अंतर्गत नोंद आहे. महत्त्वाचं काय, वडील बरे होतायत. गाठीचा रिपोर्टही चांगला आलाय. ते मनाला लावून घेऊ नका म्हणावं.”

रिपोर्ट चांगला आला, हे मी बाबांना धावत येऊन सांगितलं. गाठ पूर्ण निघाली, कापलेल्या कडा स्वच्छ. आईने डोळ्यांना पदर लावला. बाबा म्हणाले, “बरं झालं.” थोड्या वेळाने म्हणाले, “आणि ओळ?”

मी हात टेकले. “बाबा, त्या ओळीने कोणाला काय फरक पडतो? फाइल कपाटात जाणार. कोण वाचतंय?”

“चुकीचा काटा दुकानात ठेवून, कोण बघतंय म्हणतो, त्याला तू काय म्हणशील?”

 

सोमवारी घरी सोडलं. बिलाच्या खिडकीवर पैसे, औषधं, टाके काढायची तारीख, तीन आठवडे जड उचलायचं नाही, रोज चालायचं, सगळं झालं. हातात छापील डिस्चार्जचा कागद मिळाला. मी वाचत वाचत वॉर्डात आले आणि दाराशीच थांबले. खालून तिसऱ्या ओळीत संगणकाने इमानाने उतरवून घेतलं होतं: ‘ऑपरेशननंतर रुग्णाने चालण्यास सहकार्य केले नाही. त्यामुळे मुक्काम वाढला.’

म्हणजे कपाटातली ओळ आता आमच्या घरी येणार होती.

मी खाली हॉस्पिटलच्या ऑफिसच्या खिडकीशी गेले. बदलून द्या म्हटलं. सिस्टीममधून येतं, म्हणाले. सिस्टीममध्ये बदला म्हटलं. फाइल बंद झाली, आता उघडत नाही, म्हणाले. मी म्हणाले, मी सॉफ्टवेअरच लिहिते, उघडत नाही असं काही नसतं. खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे थंडपणे पाहिलं. “मॅडम, मशीन जे दाखवतं तेच आम्ही देतो. मशीन खोटं बोलत नाही.”

मी कागद उचलला.

वर आले. बाबा कपडे करून, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. कागद लपवावा असं क्षणभर वाटलं. पण त्यांनी हात पुढे केला. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचत खाली गेले. शेवटून तिसऱ्या ओळीवर थांबले. कागद आईकडे दिला आणि उठून उभे राहिले. “चला,” म्हणाले. ते ‘चला’ मला सहन झालं नाही.

मी कागद घेतला आणि मोठ्या सिस्टरच्या टेबलावर जाऊन ठेवला. सोबत ती चुरगळलेली चिठ्ठीही. “सिस्टर, गुरुवारी त्यांना उचलून तुम्ही आणलंत. हे बघा, ते काय करत होते.”

सिस्टरनी आधी वैतागून पाहिलं. मग चिठ्ठी वाचायला लागल्या. ‘हॉर्न’पाशी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. शेवटच्या घसरलेल्या रेघेपाशी त्या थांबल्या. मान वर करून कॉरिडॉरकडे पाहिलं, जणू फरश्या मोजतायत.

“छापलेलं मला बदलता येत नाही,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे.”

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि छापलेल्या ओळीशेजारच्या मोकळ्या जागेत हाताने लिहिलं: ‘पावलं मोजणारा पट्टा चुकीचा होता. रुग्ण रोज चालत होते.’ खाली सही केली. वॉर्डाचा शिक्का उमटवला. “हे कोणत्या नियमात बसतं मला ठाऊक नाही. न्या आता.”

बाबांनी ते वाचलं. दोनदा.

“तारीख,” ते म्हणाले.

“बाबा, पुरे ना आता!”

“तारखेशिवाय शिक्का चालत नाही.”

सिस्टरनी कपाळाला हात लावला आणि तारीख टाकली. वेळही टाकली, न सांगता. बाबांची मान समाधानाने हलली. मला वाटलं, झालं. पण त्यांनी सिस्टरचं पेन मागून घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

“इथे. सिस्टरच्या खाली.”

“मी कशाला?”

“काटा कोणी बसवला होता?”

आई दुसरीकडे बघू लागली. मी वाकून सही केली. पूर्ण सही, ऑफिसच्या कागदांवर करते तशी. बाबांनी शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, पोटावर हात धरून, हळूच. मग कागदाची घडी घालून तो चष्म्याच्या घरात ठेवला.

लिफ्ट कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी होती. आई व्हीलचेअर शोधायला लागली तर ते नको म्हणाले. उजव्या हाताने उशी, डावा हात माझ्या खांद्यावर. मी मोठ्याने मोजायला लागले, एक, दोन, तीन.

“मनात मोज,” बाबा म्हणाले. “माझं चुकतं.”